बाईंनी मराठी बंद केली

रविवार, १२ जानेवारी

आज पहिल्याच दिवशी चुकले. बाईंनी दार उघडलं, मी बाहेरूनच हात पुढे केला आणि नमस्काराचं पाठ केलेलं रशियन "ज्द्रास्तवुइते" म्हटलं, तर त्या दोन पावलं मागे सरल्या.

"उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही. भांडण होतं. आधी आत ये, मग नमस्कार."

हे सगळं मराठीत. तेही असं की फोनवर ऐकलं असतं तर दादरच्या कुणी आजी बोलतायत असं वाटलं असतं. समोर बघावं तर गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या, सुती साडीतल्या बाई. गालीना पावलोव्हना. कोपरखैरण्याच्या त्यांच्या सोसायटीत सगळे गालाताई म्हणतात. चंद्रशेखर नावाचे गृहस्थ इंजिनिअरिंग शिकायला वोरोनेझला गेले होते, तिकडून यांना लग्न करून घेऊन आले. त्याला पंचेचाळीस वर्षं झाली. ते आता नाहीत. मुलगा पार्थ आणि सून मनस्वी यांच्याबरोबर बाई राहतात.

मी रशियन का शिकते, हे त्यांनी विचारलं. खरं ते सांगितलं. माझा मुझम्मिल कझानला डॉक्टरकी शिकतोय. तिथल्याच गुझेलशी निकाह करायचं म्हणतो आणि शिक्षण संपलं की तिला घेऊन इकडे येणार. मुलगी तातार, म्हणजे मुसलमानच, म्हणून माझे मिस्टर रज्जाक खूश. न्हावा शेव्याला कस्टम एजंटगिरी करून यांना परदेशी मालाचं भय राहिलेलं नाही. "नमाज पढतात ना? मग झालं गो," म्हणाले. मला नाही झालं. गुझेलची आई रुशानिया फोनवर बोलते आणि मुझम्मिल मध्ये उभा राहून सांगतो. ती पाच मिनिटं बोलते आणि माझ्या वाट्याला काय, तर "अम्मी, त्या सलाम म्हणतात." मला तिच्याशी स्वतः बोलायचंय. मुलगा हातचा जायच्या आत.

अक्षरं, आकडे, "हे टेबल आहे" एवढं मी क्लास लावून शिकले होते. बाई म्हणाल्या, "व्याकरण पुस्तकात वाच. इथे बोलायला ये." फी विचारली तर म्हणाल्या, येताना शेपू आणत जा, तुम्ही लोक त्याला नाकं मुरडता.

मग वडिलांचं नाव विचारलं. रशियात माणसाला हाक मारताना वडिलांचं नाव जोडतात. शहजाद, मी म्हटलं. "तर मग तू शमीम शहजादोव्हना." अब्बा जाऊन किती वर्षं झाली. त्यांचं नाव घेऊन मला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. घरी येईपर्यंत कानात तेच.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाई कमाल शिकवतात. आज जाण्यायेण्याची क्रियापदं. रशियनमध्ये पायी जायला वेगळं, गाडीने जायला वेगळं, जाऊन परत यायला वेगळं. माझं डोकं फिरलं. त्या हसल्या आणि स्वतःची गोष्ट सांगितली. नव्या नवरीच्या दिवसांत त्या घरातून निघताना "मी जाते" म्हणाल्या आणि सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. "मी बाहेर चालले होते आणि मला सांगत होत्या की येते म्हण! मला वाटलं, हे लोक वेडे आहेत. मग आठवलं, आम्ही निघताना काय म्हणतो? 'पश्ला.' म्हणजे 'गेले'. अजून खुर्चीत बसलेली असते आणि म्हणते गेले!"

पोट धरून हसलो. एका वाक्यात त्यांनी दोन्ही भाषा माझ्यासमोर उघडून ठेवल्या. आमच्या शाळेत असं कुणी शिकवलं असतं तर मी बेलापूरच्या ऑफिसात फायली न हलवता आणखी काही केलं असतं.

मग चुक्याचं सूप दिलं. तिकडे अशाच आंबट पाल्याचं करतात. वर घट्ट दही आणि शेपू. शेपू मी दोनदा मागून घेतला.

पार्थला रशियन का नाही शिकवलंत, असं विचारलं. "सासूबाई म्हणाल्या, दोन भाषांत पोराची जीभ अडखळेल. मीही म्हटलं, याला इथेच राहायचंय." एवढंच बोलल्या आणि ताटल्या उचलायला लागल्या.

रविवार, ९ मार्च

काल तिकडचा बायकांचा सण होता, ८ मार्च. पाच निशिगंध नेले. जिवंत माणसाला फुलं विषम द्यायची, जोडीनं मयताला देतात, हे बाईंनीच सांगितलेलं. फार खूश झाल्या.

आजपासून वर्गात मराठी बंद! त्यांनी तसं सांगितलं नाही, पण अख्खा तासभर एक शब्द मराठीतून नाही. मी मराठीत काही विचारलं की नुसत्या माझ्याकडे बघत राहतात. मग मला झक मारून रशियनमध्ये मांडावं लागतं. अवघड आहे, पण इलाज हाच.

आणखी एक युक्ती बघा. माझा रोजा. त्यांनी चहा पुढे केला. मी सांगितलं, रोजा आहे. "हो हो," म्हणाल्या आणि थोड्या वेळाने पुन्हा चहा. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मुरंब्याची वाटीसुद्धा ठेवली. तोवर माझं नकार देण्याचं वाक्य असं घोटून झालं की झोपेतही म्हणेन. काय धीर आहे बाईंचा!

मनस्वी दार उघडायला येते तेव्हा चेहरा उतरलेला असतो. आज निघताना म्हणाली, "शमीमताई, तुमच्याशी तरी बोलतात आई." टोमणाच की. सासूने परक्या बाईला वेळ दिलेला सुनांना खपत नाही.

सोमवार, ३१ मार्च

ईद. मुझम्मिलचा फोन आला. रुशानियाही होती. मी तिला रशियनमध्ये ईद मुबारक म्हटलं आणि विचारलं की आज काय काय केलंत. ती इतकी चकित झाली की मुझम्मिलच्या हातातून फोनच घेतला. उत्तर भरभर आलं. निम्मं कळलं, निम्मं वाहून गेलं. पण ते निम्मं माझं होतं.

शीरखुर्मा घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी खाल्ला आणि म्हणाल्या, आमच्या आईनं केला आहे का हा? मी हसले. आपल्याला किती घरचं मानतात.

रविवार, २० एप्रिल

बाई आता मला झीना म्हणतात. वर्गातलं नाव असणार. मुझम्मिलच्या कॉलेजातही आपल्या मुलांना तिकडची नावं देतात, तोंडात बसायला सोपी. शहजादोव्हना गेलं याचं थोडं वाईट वाटलं, पण झीना झाले की माझी भीड चेपते. त्या झीनाला विचारतात, नदीवर जायचं का, बर्फ वितळला का, मीशा अजून तुझ्या मागे लागतो का. मी जमेल तसं ठोकून देते. मीशाला मी बिलकुल भाव देत नाही म्हटलं, तर बाई टाळ्या वाजवून हसल्या.

वोरोनेझचं वर्णन करतात तेव्हा मी लिहायचं विसरते. हिवाळ्यात वाळत घातलेले कपडे लाकडासारखे ताठ व्हायचे, वडिलांची पँट उभीच्या उभी घरात आणून भिंतीला टेकवून ठेवायच्या. आधी त्या सावकाश, मला समजावं म्हणून बोलायच्या. आता धो धो बोलतात. म्हणजे माझी पातळी वाढली असं त्यांना वाटत असणार.

क्लासनंतर आम्ही खाली भाजी घ्यायला गेलो. भाजीवाल्याशीही रशियन! तो बिचारा हसला आणि त्यांनी बोट दाखवलं ते दिलं. वॉचमनलाही तेच. मला शिकवायचं म्हणून त्यांनी घराबाहेरही मराठी सोडली. शिक्षक म्हणावं तर असं. मी रज्जाकना सांगितलं तर ते म्हणाले, "अख्खी सोसायटी रशियन शिकवून सोडेल ती."

रविवार, ११ मे

आजचा दिवस जन्मात विसरणार नाही. रुशानियाशी मी एकटी बोलले. मुझम्मिल हॉस्पिटलात ड्यूटीवर होता, त्यामुळे मध्ये कुणी नव्हतं.

आधी हवा, मग स्वयंपाक. मग म्हणाली, "शमीम, मी तुम्हाला एक विचारू? मुझम्मिलला सांगायचं नाही."

"विचारा."

"गुझेल माझी एकुलती एक. तिथे गेली आणि एखाद्या दिवशी तिला रडावंसं वाटलं, तर ती कुठल्या भाषेत रडेल? कुणाला कळेल?"

आणि मी इतके महिने समजत होते की मूल हातचं चाललंय ते माझं!

मला रडायला आलं. तिला म्हटलं, मला कळेल, मी त्याच्यासाठीच शिकतेय. मग बाईंबद्दल सांगितलं. आमच्याकडे एक गालीना पावलोव्हना आहेत, पंचेचाळीस वर्षं इथे राहतात, सगळी सोसायटी त्यांच्यावर जीव टाकते, आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात आणि स्वतःचं रशियनही जराही विसरलेल्या नाहीत. रुशानियाला फार धीर आला. "त्यांच्याशी माझी एकदा गाठ घालून द्या," म्हणाली.

बाईंना हे सगळं सांगायला धावत गेले. त्या झोपल्या होत्या. मनस्वीने बसायलाही सांगितलं नाही. डोळे लाल होते तिचे. भांडण झालं असावं.

मंगळवार, १७ जून

पार्थचा फोन. तो कधी फोन करत नाही.

"शमीमताई, परवा सुट्टी घेता येईल का? आईला वाशीला डॉक्टरकडे न्यायचंय. मागच्या आठवड्यात नेलं होतं. ते काही विचारतात आणि ती उत्तरच देत नाही. तुम्ही असलात तर..."

"मी कशाला? त्या मराठी माझ्यापेक्षा छान बोलतात."

"आई मराठी विसरली, ताई."

मी हसलेच. "अहो विसरल्या नाहीत. ती पद्धत आहे त्यांची. मला शिकवताना मराठी बंद ठेवतात."

मग पार्थ अगदी हळू म्हणाला, "ताई, ती माझ्याशीसुद्धा बोलत नाही. तीन महिने झाले."

गुरुवार, १९ जून

लिहायला बसले आणि उठले, असं दोनदा झालं.

डॉक्टर तरुण होते, शांत होते. बाई नीट केस विंचरून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला बघून चेहरा फुलला. "झीना! तू आलीस!"

डॉक्टरांनी मराठीत विचारायचं, मी रशियनमध्ये. घड्याळाचं चित्र काढा. फळांची नावं सांगा. इथवर ठीक होतं. बाईंनी इतकी फळं सांगितली की मला तीन माहीत नव्हती. डॉक्टर पार्थला म्हणाले, "बघा, मागच्या वेळी एकही सांगितलं नव्हतं." पार्थच्या तोंडावर जरा आशा आली.

मग विचारलं, आपण कुठल्या गावात आहोत?

"वोरोनेझ," बाई म्हणाल्या. आणि मला डोळा मारला, डॉक्टरांना एवढंही माहीत नाही म्हणून.

मग डॉक्टरांनी पार्थकडे हात केला. हे कोण आहेत, विचारा.

मी विचारलं. बाईंनी त्याला नीट न्याहाळलं. म्हणाल्या, "ओळखत नाही. पण चांगल्या घरचा दिसतो. माझ्या शेखरसारखं कपाळ आहे. किती थकलाय बघ. काही खाल्लं का विचार त्याला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला शब्द माहीत होते, एकही अडला नव्हता.

"विचारताहेत, जेवलास का," मी पार्थला सांगितलं.

त्याने मान हलवली आणि खिडकीकडे वळला. डॉक्टरांना मी उरलेलं नंतर, बाहेर, एकट्याला सांगितलं. ते म्हणाले, हे दोन-तीन वर्षांपासून सुरू असणार. हुशार माणसं बराच काळ झाकून नेतात. नंतर शिकलेली भाषा बहुतेक आधी जाते, लहानपणची शेवटपर्यंत टिकते. औषधाने वेग थोडा कमी होईल, इतकंच.

येताना गाडीत बाई माझा हात धरून बसल्या होत्या. मनस्वी पुढच्या सीटवरून मागे न बघता म्हणाली, "झीना त्यांची धाकटी बहीण, ताई. तरुणपणीच गेली. बाबा सांगायचे."

रविवार, २२ जून

गेले नाही. काय तोंडाने जाऊ? ज्याला मी शिकवणं म्हणत होते ते काय होतं? तीनदा पुढे केलेला चहा आठवतो. भाजीवाला आठवतो.

रज्जाक म्हणाले, "तू नाय गेलीस तर ती बोलेल कोणाशी?"

त्यांना काही कळत नाही असं मी नेहमी म्हणते. ते मागे घेते.

सोमवार, २३ जून

ऑफिसातून परस्पर गेले. मनस्वीने दार उघडलं आणि आज प्रथमच आम्ही स्वयंपाकघरात बसलो. ती बोलत सुटली. लग्न होऊन आली तेव्हा तिला भाकरी थापता येत नव्हती, ती बाईंनी शिकवली. "आमच्याकडच्यापेक्षा पातळ भाकरी, ताई! रशियन बाईची! त्यांच्या सासूने त्यांना शिकवलेली." पहिल्या बाळंतपणात सहा आठवडे बाईंनी तिला उठू दिलं नाही. ही असल्या बाईवर जळते असं मी समजत होते.

"आता मी समोर जाते तर पाहुण्यासारखं हसतात," ती म्हणाली. "मला एवढं सांगा, 'आई, जेवायला चला' कसं म्हणायचं? रोज हात धरून उठवते तर घाबरतात."

मी कागदावर देवनागरीत लिहून दिलं. दहा वेळा म्हणवून घेतलं.

रविवार, ६ जुलै

रुशानियाला सगळं सांगितलं. लपवावं असं आलं होतं मनात. निकाह मोडला तर? पण जिच्याशी खरं बोलता यावं म्हणून भाषा शिकले, तिच्याशी खोटं बोलायला ती कशी वापरू?

मी म्हटलं, "गुझेलला सांगा, इथे येऊन पहिल्या दिवसापासून मुलांशी तिच्या भाषेत बोलायचं. मुलांची जीभ अडखळली तर अडखळू दे. मी सासू म्हणून सांगते."

रुशानिया म्हणाली, "तुमच्या गालीनाला माझा सलाम सांगा. आणि पाककृती विचारा, तुमच्याकडे मिळते ती काकडी शेपू घालून त्या कशी मुरवतात." मग म्हणाली, सप्टेंबरमध्ये निकाहाला लवकर या, पाहुण्यांसारखं दोन दिवस आधी नको.

सलाम पोचवला. बाईंनी काकडीची कृती इतकी बारीक सांगितली की मला ती रेकॉर्ड करून पाठवावी लागली. तिचं उत्तर आलं, "ही बाई काही विसरलेली नाही."

रविवार, ३ ऑगस्ट

आता रविवारी आम्ही तिघं शिकतो. मी, मनस्वी आणि पार्थ. मी शिकवते म्हणणं धाडसाचं, पण बाईंसमोर बसून शिकवते. पार्थला वाक्यं पाठ होत नाहीत. बँकेतला मोठा साहेब, पण तोंड उघडलं की घाम फुटतो.

आज मनस्वी ताटं मांडून आली आणि तिचं वाक्य म्हणाली. "जेवायला" या शब्दावरचा जोर चुकला. बाई वर्तमानपत्र बघत होत्या. त्यांनी मान वर केली, चष्मा काढला.

"न्येत. येश्यो राज." नाही. पुन्हा.

मनस्वीने पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. बाईंनी बोटाने टेबलावर ठोका दिला, जोर कुठे द्यायचा तिथे. "येश्यो राज!" चौथ्या वेळी जमलं तेव्हा त्या उठल्या, मनस्वीच्या गालाला हात लावला आणि जेवायला चालू लागल्या. मनस्वी माझ्या खांद्याशी येऊन कुजबुजली, "ताई, रागावल्या मला!" हसत होती, रडत होती.

पानावर बसल्यावर पार्थने खाकरून घेतलं. "मेन्या जवूत पार्थ," म्हणाला. माझं नाव पार्थ.

बाईंनी घास खाली ठेवला. "पार्थ? माझ्या मुलाचंही हेच नाव."

हे त्याला कळलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. पुढचं विचारायला त्याच्याकडे शब्द नव्हते. मी हळूच सांगितलं, कसा आहे तो, असं विचार. त्याने अडखळत विचारलं.

आणि बाई बोलायला लागल्या. शाळेत गेलाय, म्हणाल्या. येईल एवढ्यात. फार हट्टी आहे, पण मनाने मोकळा. गणितात बरा, चित्रं काढतो ती गाढवाची की घोड्याची कळत नाही. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत होते. एकही गाळलं नाही. पार्थ ताटाकडे बघत ऐकत होता.

मग त्या पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणला.

"मला इथली भाषा येत नाही ना. सासूबाई बोलतात ते पुस्तकासारखं, समजत नाही. तो खाली मुलांशी खेळतो तेव्हा मी खिडकीत उभी राहते. तो जे ओरडतो ते इथे ऐकते, मग आत येऊन तसंच म्हणून बघते. आउट नाही, चिटिंग करतोस, थांब आईला सांगतो. सगळं त्याच्याकडून शिकले मी." आणि मग पार्थच्या मनगटावर हात ठेवून, "तुम्ही भेटलात तर त्याला सांगू नका हं. आईला भाषा येत नाही म्हणून लाजेल."

मी हेही सांगितलं. सांगू नका म्हणाल्या, तेही सांगितलं.

पार्थने आईचा हात तसाच राहू दिला आणि दुसऱ्या हाताने तिच्या पानात आमटी वाढली.

"न्येत," तो म्हणाला. नाही सांगणार, हे त्याला म्हणायचं होतं. तेवढं आलं.